सान्तियागो ते इचलकरंजी

"सोळा हजार किलोमीटर," मी कॉम्प्युटरवरचा आकडा वाचून दाखवला आणि आक्काचा चेहरा असा काही फुलला, की जणू ते सगळं अंतर दादा तिच्यासाठी अनवाणी चालत येणार होता.

"आणि वेळ किती लागतो?"

"नुसतं हवेत म्हणशील तर वीस-एकवीस तास. पण सरळ विमान नाही. सान्तियागोहून ब्राझील, तिथं बदलायचं, मग दुबई, तिथं बदलायचं, मग मुंबई. थांबे धरले तर दीड दिवसाच्या वर जातो. शिवाय मुंबईहून इचलकरंजी गाडीनं आठ तास."

"बिचारा," आक्का म्हणाली.

त्याच आठवड्यात मी मे महिन्याच्या उन्हात स्कूटरवरून तीन वेळा कोल्हापूरला जाऊन आलो होतो. एकदा मंडपवाल्याकडं, एकदा सोनाराकडं, एकदा आचाऱ्याची समजूत काढायला. मला कुणी बिचारा म्हटलं नाही. घरात येऊन पाणी मागितलं तर आक्का म्हणाली, माठात आहे, घे.

माझं मोटर रिवाइंडिंगचं दुकान. गावात यंत्रमाग भरपूर, मोटरी जळायच्या भरपूर, त्यामुळं पोटापुरतं चांगलं चालायचं. आक्का माझी मोठी बहीण, इंदू. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, अपघातात गेले तेव्हा मृणाल चार वर्षांची होती. मी आक्काला आणि पोरीला कागलहून उचलून आणलं आणि माझ्या शेजारच्या दोन खोल्या भाड्यानं घेऊन दिल्या. तेव्हापासून मृणाल माझ्या दुकानातच वाढली म्हणा ना. शाळेत सोडणं-आणणं माझ्या लुनावर. गोवर आला तेव्हा उशाशी मी आणि माझी बायको नलिनी. गणितात कच्ची होती, तर मी तिला तारेचे वेढे मोजायला बसवून पाढे पाठ करून घेतले. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळं असेल, पण रस्त्यानं जाताना कुणी "तुमची मुलगी का?" असं विचारलं तर मी कधी "भाची" असं दुरुस्त केलं नाही.

आणि दादा? रणजितदादा आमच्यात थोरला. इंजिनिअर झाला, खाणीतली मोठाली यंत्रं दुरुस्त करायच्या नोकरीवर चिली देशात गेला आणि तिकडचाच झाला. चार वर्षांतून एकदा यायचा. बॅगेतून चॉकलेटं, लोकरीचं एक रंगीबेरंगी अंगावर घ्यायचं, एकदा लॅपटॉप. पंधरा दिवस सगळं घर त्याच्याभोवती नाचायचं. तो परत गेला की महिनाभर त्याच्याच गोष्टी. मृणाल त्याला चिलीमामा म्हणायची. मी नुसता मामा. रोजच्या माणसाला कोण नाव ठेवतंय!

मी जळत होतो. सरळच सांगतो, आडपडदा कशाला. पण एरवी ते जळणं पोटात राहायचं. मृणालचं लग्न ठरलं आणि ते वर आलं.

आमच्यात नवरीला बोहल्यावर मामा घेऊन येतो. हातात तलवार, तिच्या टोकाला लिंबू, डोक्याला फेटा. मंगलाष्टका संपून शेवटची अक्षता पडेपर्यंत तो नवरीच्या पाठीशी उभा राहतो. त्याला आम्ही पाठराखण म्हणतो. कन्यादान वेगळं. ते बापाचं काम, बाप नसला तर भावकीचं. दाजींचे चुलतभाऊ तात्या कागलला होते. वीस वर्षांत त्यांनी या पोरीला एक फ्रॉक घेतला नव्हता, पण कन्यादानाला तेच बसणार हे सगळे धरून चालले होते, मीसुद्धा. भावकीच्या मानात मामाकडच्यानं तोंड घालायचं नसतं. मला त्याचं काही वाटत नव्हतं. मला पाठराखण हवी होती. तेवढी एकच जागा माझी होती.

लग्न ठरल्याच्या दुसऱ्या दिवशी आक्का दुकानात आली. म्हणाली, धना, पाठराखणीला दादाला बोलवायचं ठरवलंय. थोरला आहे, त्याचा मान.

माझ्या हातात गरम कॉइल होती, ती तशीच हातात राहिली आणि चटका बसला तेव्हा कळलं. मी फक्त म्हणालो, "येईल का तो?"

"येईल. मी त्याला सांगितलंय, काय वाट्टेल ते कर पण ये."

मला वाटलं होतं तो येणार नाही. रजा मिळणार नाही, तिकीट मिळणार नाही, काहीतरी निघेल. पण लेकाचा सगळं जमवत गेला. आणि विमानांचा हिशेब करायचं काम कुणाकडं? तर माझ्याकडं. कारण इंटरनेट माझ्या दुकानात! रोज संध्याकाळी आक्का आणि मृणाल येऊन बसायच्या. हे विमान चुकलं तर पुढचं कधी, ब्राझीलच्या विमानतळावर किती वेळ थांबायचं, दुबईला बॅगा पुन्हा चढवाव्या लागतात का. तिकडं रात्र असते तेव्हा इथं सकाळ असते, हे आक्काला काही केल्या पटेना. "म्हणजे आपण बुधवारात आणि तो अजून मंगळवारातच?" असं ती कौतुकानं विचारायची. दादानं मंगळवारसुद्धा स्वतःच्या हिकमतीनं मागं राखून ठेवलाय, असा तिचा सूर.

मृणालनं जगाचा नकाशा आणून माझ्याच दुकानाच्या भिंतीवर लावला आणि स्केचपेननं त्याच्यावर दादाच्या प्रवासाची रेघ ओढली. रेघ दोन समुद्र ओलांडून यायची. मी नलिनीला म्हणालो, मी पोरीला दहा वर्षं शाळेत सोडलं, तेही किलोमीटर मोजले तर दादाच्या पुढं जाईन. नलिनी हसली आणि म्हणाली, मोजा की मग. तिला वाटलं मी चेष्टा करतोय.

ठरल्याप्रमाणं दादा लग्नाच्या आदल्या दिवशी दुपारी मुंबईत उतरणार होता. रात्रीपर्यंत इचलकरंजीत. अक्षता दुसऱ्या दिवशी बारा पस्तीसला.

हळदीच्या दिवशी सकाळी दादाचा फोन आला. फोन मीच घेतला. सान्तियागोच्या विमानतळावर दाट धुकं होतं, पहिलंच विमान सुटायला फार उशीर झाला आणि ब्राझीलहून पुढचं विमान हुकलं होतं. दुसरं मिळालं ते उशिराचं. आता तो लग्नाच्या दिवशी सकाळी मुंबईत उतरणार आणि चार वाजता इचलकरंजीत पोचणार. "धना, काहीतरी कर," तो म्हणाला, "मी वेळेत नाही पोचलो तर आक्काचं सगळं मुसळ केरात जाईल."

मी म्हणालो, काळजी करू नको. फोन ठेवला आणि दुकानाच्या मागं जाऊन एकटाच चहा प्यायलो. इतका गोड चहा मी वर्षभरात प्यायलो नव्हतो.

आक्काला सांगितलं तेव्हा ती मटकन खालीच बसली. मला वाटलं, आता म्हणेल, बरं, धना, मग तूच उभा राहा. पण ती उठली आणि थेट सांगलीला नवऱ्याकडच्यांना फोन लावला. दुपारची अक्षता संध्याकाळच्या गोरज मुहूर्तावर नेली तर चालेल का, म्हणून विचारलं. नवऱ्या मुलाचा बाप भला माणूस. म्हणाला, आमची काही अडचण नाही, तुमचं तुम्ही ठरवा.

दुपारी आक्काच्या पुढच्या खोलीत सगळे जमले होते. कागलहून तात्या आले होते, लोडाला टेकून सुपारी कातरत बसले होते. आक्कानं सगळ्यांदेखत सांगितलं की लग्न संध्याकाळी करू या, दादा येईपर्यंत थांबू. आचाऱ्याला, मंडपवाल्याला, वाजंत्र्यांना धना सांगून येईल.

धना सांगून येईल!

माझ्या डोक्यात सणक गेली. मी म्हणालो, "दोन हजार माणसांना बाराचं आमंत्रण आहे. ती काय संध्याकाळपर्यंत उन्हात भाजत बसणार? एका माणसासाठी?"

"एकाच दिवसाचा प्रश्न आहे, धना."

"मग मी कोण आहे? मी या घरात मामा नाही का? तो सोळा हजार किलोमीटरवर आहे म्हणून त्याला मान, आणि मी इथं भिंतीला भिंत लावून राहतो म्हणून हमाल? आक्का, उद्या बारा पस्तीसला पाठराखणीला मी उभा राहणार. नाहीतर मी मंडपात पाऊल टाकणार नाही. नलिनीसुद्धा नाही."

तात्यांचा अडकित्ता थांबला आणि ते मजेनं बघायला लागले. आक्कानं एकदा त्यांच्याकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं. तिच्या ओठांवर काहीतरी आलं होतं, ते तिनं गिळलं.

आतून मृणाल आली. अंगभर हळद, केसांना हळद. माझ्यासमोर उभी राहिली आणि हळू आवाजात म्हणाली, "मामा, थांबूया ना संध्याकाळपर्यंत. माझ्यासाठी."

तिनं दुसरं काहीही म्हटलं असतं तरी मी विरघळलो असतो. पण तीसुद्धा त्याच्याच बाजूनं! वीस वर्षं मी सांभाळलेली पोर त्या चॉकलेटवाल्यासाठी हात जोडत होती. मी म्हणालो, "तुझ्यासाठी, की चिलीमामासाठी?"

तिचे डोळे भरले. तिनंही तात्यांकडं एक नजर टाकली आणि आत निघून गेली. मला ती नजर दिसली होती. माझा समज असा की पाहुण्यांसमोर रडायची तिला लाज वाटली.

आक्का म्हणाली, "धना, एकदाच विचारते. तुला मामा म्हणूनच उभं राहायचंय?"

"मामा आहे तर मामा म्हणूनच उभा राहणार. दुसरा काय म्हणून राहू?"

"नीट विचार कर."

"केलाय."

"बरं," ती म्हणाली. "होऊ दे तुझ्या मनासारखं."

दुसऱ्या दिवशी मी काय नटलो होतो म्हणून सांगू! कोल्हापुरी फेटा बांधायला खास माणूस बोलावला. मिशीला पीळ दिला. तलवार भाड्याची, पण मी ती स्वतः घासून लखलखीत केली होती. मृणालचा हात धरून मी तिला खोलीतून बोहल्यापर्यंत आणलं. हात गार होता. मी म्हणालो, घाबरू नको, मी आहे मागं. तिनं माझा हात घट्ट धरला.

भटजींनी मंगलाष्टका सुरू केल्या. समोर दोन हजार माणसं, कॅमेऱ्याचे दिवे, आणि मी नवरीच्या पाठीशी. तलवार धरून हात भरून आला तरी खाली घेतली नाही. मनात म्हणत होतो, दादा, तू आता बस पुण्याच्या रस्त्यावर गाडीत घाम पुसत. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली, लोक येऊन माझ्या पाठीवर थाप मारून गेले. बरेच जण म्हणाले, धनाजीराव, मामा शोभलात. माझी छाती फेट्याएवढी झाली होती.

आमच्याकडं अक्षता झाल्या की पंगती उठतात आणि मग निवांत घरच्या माणसांत कन्यादान आणि सप्तपदी होते. साडेतीनच्या सुमाराला मंडपात पन्नास-साठ माणसं उरली. भटजींनी पाट मांडले. तात्या सोवळं नेसून तयारच होते, ते पुढं आले.

तेवढ्यात आक्का एक पितळी ताट घेऊन आली. ताटात कोरं सोवळं होतं, पांढरा रेशमी सदरा होता, आणि बाजूला हिरवी साडी. तिनं तात्यांकडं बघितलंसुद्धा नाही. म्हणाली, "धना, नलिनी, कपडे बदलून या. कन्यादानाला बसायचंय."

मला कळेना ती काय म्हणते. मी फेटा बांधून, तलवार बगलेत धरून तसाच उभा. नलिनी माझ्याकडं बघायला लागली.

तात्यांना मात्र लगेच कळलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. पण समोर सांगलीची माणसं बसलेली, त्यामुळं आरडाओरडा करता येईना. मग ते अगदी गोड आवाजात भटजींना म्हणाले, "काका, यांनी तर आताच मामा म्हणून पाठराखण केली. आपल्यात पाठीशी उभा राहणारा आणि मुलगी देणारा एकच माणूस चालतो का?"

भटजींनी हातातली पळी खाली ठेवली. "नाही चालत," ते म्हणाले. "राखणारा वेगळा, देणारा वेगळा."

आक्का म्हणाली, "काका, एवढ्या बारी चालवून घ्या."

"ताई, मी तुम्हाला लग्न ठरलं तेव्हाच सांगितलं होतं ना? धाकट्या भावाला कन्यादानाला बसवायचं असेल तर पाठराखणीला दुसरा मामा हवा. म्हणून तर तुम्ही थोरल्याला इतक्या लांबून बोलावून घेतलंत."

मी आक्काकडं बघितलं. तिनं मान वळवली. मी मृणालकडं बघितलं. ती नवऱ्याशेजारी पाटावर बसली होती, आणि तिला सगळं आधीपासून ठाऊक होतं.

मी म्हणालो, "आक्का, मला का नाही सांगितलंस?"

"कधी सांगू?" ती म्हणाली. ती रडत नव्हती, नुसती दमलेली दिसत होती. "आधी सांगितलं असतं तर गावभर झालं असतं, आणि भावकीनं महिनाभर आधी कोर्ट भरवलं असतं. मंडपात ऐनवेळी ताट पुढं केलं की पाहुण्यांसमोर कुणी बोलणार नव्हतं. आणि काल तू बोलायला लागलास तेव्हा तात्या समोर बसलेले. मी तुला दोनदा विचारलं, धना."

विचारलं होतं खरं.

तात्या घसा खाकरून पाटाकडं निघाले. आणि त्याच वेळी मंडपाच्या दाराशी गाडी थांबली. दादा उतरला. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले, अंगातला शर्ट दोन दिवसांचा. धावतच आत आला. बोहल्याजवळ मला तलवारीसकट बघितलं आणि तो जागीच थबकला.

"अरे, तू कसा उभा राहिलास?" तो म्हणाला. "मी तेवढ्यासाठीच आलो होतो ना. नुसती तलवार धरायला."

आक्कानं एक क्षणही वाया घालवला नाही. तात्या आणि पाट यांच्यामध्ये ती जाऊन उभी राहिली आणि ताट दादापुढं करून म्हणाली, "हातपाय धू आणि हे घालून ये. मुलगी आमच्या घरातून जातेय, आमच्याच घरातलं माणूस देईल."

दादानं ताट घेतलं नाही आधी. माझ्याकडं बघत राहिला. "धना?" तो म्हणाला.

काय म्हणणार होतो मी? एका बाजूला तात्या उभे होते. मी म्हणालो, "जा लवकर. भटजी खोळंबलेत."

दादाची बायको तिकडंच राहिली होती. एकट्या माणसाला कन्यादानाला बसता येत नाही. मग भटजी म्हणाले, बायकोच्या जागी सुपारी लावा कमरेला, तसा रिवाज आहे. पूजेच्या तबकातून सुपारी काढून दिली ती नलिनीनं. हिरवी साडी तशीच घडी घातलेली खुर्चीवर राहिली. नंतर ती साडी आक्कानं नलिनीला दिली, पण ती तिनं कधी नेसली नाही.

दादा पाटावर बसला. मी फेटा काढला आणि खांबाला टेकून उभा राहिलो. त्या दिवशी मी त्याच्यावर जेवढा जळलो तेवढा जन्मात कधी जळलो नव्हतो. चॉकलेटं, लॅपटॉप, तो नकाशा, ते सगळं त्यापुढं काहीच नव्हतं. आणि यावेळी त्यानं माझं काही हिसकावलंही नव्हतं.

मृणालला उभं केलं. भटजींनी तिची ओंजळ नवऱ्याच्या ओंजळीवर धरायला सांगितली, आणि वर दादाची. दादानं हात पुढं केले तेव्हा रेशमी सदऱ्याच्या बाह्या मनगटाच्या चांगली चार बोटं अलीकडंच संपल्या. पोटाला मात्र तो घोळदार सुटला होता. दादा उंच आणि किडकिडीत. इचलकरंजीत त्या सदऱ्याच्या मापाचा एकच माणूस होता आणि तो खांबाला टेकून उभा होता.

मृणालनं त्या आखूड बाहीकडं बघितलं. मग मान वर करून मंडपात मला शोधायला लागली. मी खांबाच्या आड झालो.

भटजींनी झारीतलं पाणी सोडलं. ते दादाच्या ओंजळीतून तिच्या ओंजळीत आणि तिच्या ओंजळीतून नवऱ्याच्या ओंजळीत पडलं, आणि माझी मुलगी दिली गेली.